ऊन लागलं की बंद पडणारी पद्मिनी: इंजिन उघडण्याआधी

जुळे सोलापूरच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची 1992 ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोलवरची. सकाळी एका सेलमध्ये चालू होते. दुपारी गावात सिग्नलला दोन-तीनदा थांबली की आचके देते आणि बंद पडते. अर्ध्या तासाने, जणू काही झालंच नाही अशी, पुन्हा चालू. तुळजापूरच्या घाटात काटा लाल पट्ट्याला टेकतो. सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, एव्हरेज नऊवर आलंय. मिस्त्री म्हणतो, "इंजिन संपलं, बोअर करून (म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कातून) बांधून घ्या." बांधावं का?

आत्ता बांधू नका. एका इंजिनाचे तीन-चार वेगवेगळे आजार तुम्ही एका दमात सांगितलेत आणि मिस्त्रीने सगळ्यांवर एकच औषध लिहून दिलंय. ज्या गाडीचं इंजिन खरंच संपलेलं असतं ती सकाळी गार असताना जास्त छळते, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, नसतं. तुमची गाडी सकाळी एका सेलमध्ये चालू होते. म्हणजे आत अजून जीव आहे. दुपारचं बंद पडणं, घाटातलं तापणं आणि पेट्रोल पिणं या तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा ब्लॉकच्या बाहेर सापडतं, आणि तिथे हात घालायला लेथवाल्याची गरज पडत नाही.

आधी हे इंजिन काय आहे ते बघा, म्हणजे पुढचं समजेल. फियाट 1100 चं हे 1089 सीसीचं इंजिन. एका ओळीत चार सिलिंडर, बोअर 68 मिमी, स्ट्रोक 75 मिमी. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड वर जाऊन रॉकरला ढकलतात. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. क्रँकला तीन मेन बेअरिंग. टायमिंगला चेन, त्यामुळे आजच्या गाड्यांसारखी बेल्ट तुटायची भीती नाही. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. कॉम्प्रेशन रेशो 7.3 ला एक, म्हणजे आजच्या मानाने अगदीच मवाळ, आणि ताकद चाळीसच्या घरात हॉर्सपॉवर. आजची हजार सीसीची गाडी यापेक्षा जास्त ओढते, पण ही गाडी ज्या काळातल्या पेट्रोलवर आणि रस्त्यांवर चालायची होती त्या काळाला हा मवाळपणाच उपयोगी होता. साधं, जाड, सगळं डोळ्यांना दिसणारं इंजिन. पाना, पकड आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) एवढ्यावर निम्मी दुरुस्ती होते.

आता दुपारचं बंद पडणं. याला आम्ही एसी पंपाचा आजार म्हणतो (एसी पंप म्हणजे इंजिनावरचा पेट्रोल पंप, गार हवेच्या एसीशी संबंध नाही), पुस्तकात त्याला व्हेपर लॉक म्हणतात. टाकी मागे आणि पेट्रोल पंप पुढे, इंजिनाच्या ब्लॉकलाच बोल्ट मारून बसवलेला. कॅमशाफ्टच्या ढकलण्याने पंपाचा पडदा वरखाली होतो आणि तो मागच्या टाकीतलं पेट्रोल लांबून ओढून आणतो. ओढतो म्हणजे नळीत दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक तसेही पस्तीस-चाळीस डिग्रीपासूनच उडायला लागतात. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत पारा 43-44 ला जातो, बॉनेटखाली किती असेल त्याचा हिशोब करा. गाडी पळत असते तोवर वारा लागतो, ताजं पेट्रोल येत राहतं, भागतं. सात रस्ता चौकात सिग्नलवर थांबलात की वारा बंद, पेट्रोलचा वापर कमी, आणि पंपात, नळीत बुडबुडे. पंप द्रव ढकलायला बनवलाय, वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. कार्बोरेटरची वाटी रिकामी होते, गाडी चार आचके देऊन गप्प. अर्ध्या तासाने गार झाल्यावर वाफेचं परत पेट्रोल होतं आणि तुम्हाला वाटतं, दैवी चमत्कार.

पंपावर ओलं फडकं टाकायचा जुना उपाय तुम्ही ऐकला असेल. तो खरा आहे, आणि मुंबईपेक्षा सोलापुरात जास्त खरा. माठातलं पाणी गार होतं तोच हिशोब: पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. आपली हवा कोरडी, फडक्यातलं पाणी भराभर उडतं, पंप झटकन गार होतो. मुंबईच्या दमट हवेत तेच फडकं नुसतं कोमट होऊन बसतं. पण हा रस्त्यावरचा उपाय झाला. दर उन्हाळ्यात डिकीत फडकं आणि बाटली घेऊन फिरायचं असेल तर गोष्ट वेगळी.

कायमचा उपाय बघायचा तर पंप उतरवून त्याच्या बुडाकडे बघा. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये काळ्या-तपकिरी रंगाची बॅकेलाइटची जाड पट्टी असते. ती ब्लॉकची उष्णता पंपापर्यंत जाऊ देत नाही. बरीच वर्षं जुनी गोष्ट आहे, गिरणीतून रिटायर झालेले एक काका त्यांची पद्मिनी घेऊन आले. तीन उन्हाळे गाडी बंद पडत होती. दोन पंप बदलून झाले होते, कार्बोरेटर बदलून झाला होता, टाकी धुऊन झाली होती. मी पंप उतरवला तर मागे पट्टीच नाही, नुसता गॅस्केटचा कागद. कुणीतरी कधीतरी पंप बदलताना पट्टी फुटली असेल, त्याने कागद कापून लावला आणि विसरून गेला. पट्टीच्या जाडीवर पंपाची दांडी किती ढकलली जाते तेही ठरतं, त्यामुळे ती गेली की पंपावर नको तेवढा ताणही येतो. जुन्या बाजारातून एक पट्टी आणली, दोन्ही बाजूंनी पातळ गॅस्केट घालून बसवली. काकांना ते खरंच वाटेना. म्हणाले, "एवढ्यासाठी मी तीन वर्षं दुपारची गाडी बाहेर काढली नाही?" पुढच्या मे महिन्यात ते भर बाराला अक्कलकोटला जाऊन आले.

तेव्हा पट्टी बघा, कार्बोरेटरच्या बुडाखालचा जाड पॅकिंग तुकडा बघा. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून जात असेल तर लांबून वळवा. एवढं करूनही आजार राहिला तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवता येतो. मागून ढकललं की नळीत दाब वाढतो आणि वाफ धरत नाही. पण तीन पीएसआयपेक्षा जास्त दाबाचा पंप नको, कार्बोरेटरची सुई तेवढा दाब अडवत नाही आणि पेट्रोल बाहेर सांडतं. गरम इंजिनावर सांडलेलं पेट्रोल म्हणजे काय ते सांगायला नको. इंजिन बंद झाल्यावर पंप आपोआप बंद होईल असं रिले लावूनच घ्या, फ्यूज घालून.

मात्र दुपारी बंद पडणारी प्रत्येक गाडी एसी पंपाचीच असते असं धरून चालू नका. हुबेहूब तेच लक्षण कंडेन्सर आणि कॉइलही दाखवतात. डेल्कोमधला (म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला) तो बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर तापला की आतून सुटतो, गार झाला की परत जुळतो. फरक ओळखायला सोपं आहे. बंद पडली की लगेच, गार व्हायच्या आत, डेल्कोच्या मधल्या भोकातली जाड वायर काढा, लाकडी चिमट्याने किंवा चांगल्या रबरी पकडीने धरून बॉडीपासून पाच-सहा मिमीवर ठेवा आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही हे आधी बघून घ्या. टणटणीत निळी ठिणगी आली तर करंटची बाजू ठीक, दोष पेट्रोलकडे. ठिणगी पिवळी, बारीक किंवा नाहीच, तर कंडेन्सर बदला. तो स्वस्त आहे, एक जास्तीचा डॅशबोर्डच्या खणात ठेवा. फक्त नवीन म्हणून दिला जाणारा कंडेन्सर पण तपासून घ्या, अलीकडे डबीतले नवे तुकडे जुन्यापेक्षा लवकर मरतात असा माझा अनुभव आहे. माझ्याकडे एक तीस वर्षांचा जुना कंडेन्सर आहे, परीक्षेसाठी ठेवलाय, तो अजून दगा देत नाही. डेल्को उघडलाच आहात तर पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं, बघा. जळून एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड झालं असेल तर बदला, गॅप 0.4 ते 0.45 मिमीच्या आसपास ठेवा, प्लगचा गॅप 0.6. पॉइंटच्या कातडीसारख्या टाचेला कॅमवर किंचित ग्रीस हवं, ते नसलं की टाच झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे जातं. टायमिंग मागे गेलं की गाडी तापते आणि पेट्रोल खाते. तुमच्या तक्रारींपैकी दोन इथेच सापडण्याची शक्यता आहे.

घाटाकडे वळू. सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, बाकीचा रस्ता सपाट, शेवटी घाट. सपाटीला तापत नाही आणि घाटात तापते याचा अर्थ पाणी फिरतंय, पण जेवढी उष्णता बाहेर पडायला हवी तेवढी पडत नाही. बहुतेक वेळा दोष रेडिएटरचा आणि त्याचं कारण आपलं पाणी. गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, म्हणून रेडिएटरमध्ये कुणी नळाचं पाणी घालत नाही, बोअरचं घालतात. आपलं बोअरचं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. वरचं झाकण उघडून आत बॅटरी मारा: नळ्यांच्या तोंडांवर पांढरा-तांबूस चुना दिसला की निदान झालं.

रेडिएटर उतरवूनच साफ करा. काही जण गाडीवरच कॉस्टिक सोडा ओततात, ते कधीही करू देऊ नका. कॉस्टिक अॅल्युमिनियमचं हेड खातो. उतरवलेल्या पितळी रेडिएटरमध्ये लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी भरून दोन-तीन तास ठेवलं, मग उलट्या दिशेने पाणी सोडलं तर बराच चुना सुटतो. खूपच जुना असेल तर वरची टाकी उघडून नळ्यांत पट्टी फिरवणारे कारागीर अजून आहेत, त्यांच्याकडे द्या. बसवताना कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी परत शिरता कामा नये. झाकणाचं रबर आणि स्प्रिंगही बघा. झाकण दाब धरतं म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. शंभर-दीडशे रुपयांच्या झाकणापायी हेड वाकलेल्या गाड्या मी पाहिल्यात.

एक प्रश्न तुमच्या मिस्त्रीला विचारा: थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आहे की काढून टाकलाय? "आपल्याकडे उन्हाळा, थर्मोस्टॅट कशाला?" म्हणून कितीतरी गाड्यांतून तो काढलेला असतो. त्याने घाटातलं तापणं थांबत नाही, पण हिवाळ्यात सकाळी इंजिन वेळेवर गरम होत नाही, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि रिंगा झिजतात. एव्हरेज नऊवर येण्याचं एक कारण हेही असतं. पाण्याच्या भांड्यात घालून गॅसवर तापवा, ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास तो उघडताना डोळ्यांना दिसतो. चालत असेल तर परत बसवा.

घाटात तापल्यावर लोक काय करतात? गाडी बाजूला घेतात आणि गार पाणी ओततात. बिडाचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचं हेड वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि आकसतात. तापलेल्या हेडवर गार पाणी म्हणजे तडा किंवा वाक. इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवा, मग बंद करून अर्धा तास थांबा, आणि गार झाल्यावरच झाकण जाड फडक्याने एक आटा फिरवून आधी उरलेली वाफ जाऊ द्या. गाडीत हीटर असेल तर इंजिन चालू असताना तोही उघडा, तो छोटा रेडिएटरच आहे.

हेड गॅस्केट गेलंय का ते मात्र तपासा, कारण एवढ्या वेळा तापली आहे. रेडिएटरचं झाकण काढून, गार इंजिन चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट फेस जमला असेल, तर हेड उतरवावं लागेल. उतरवल्यावर सरळ पट्टी तिरकी-आडवी ठेवून फिलर गेज घाला. 0.05 मिमीचं पान खाली शिरत असेल तर हेडचं तोंड कातून सपाट करून घ्या, पण लेथवाल्याला कमीत कमी घ्यायला सांगा. पाण्याच्या भोकांभोवती अॅल्युमिनियम खाल्लेलं असेल तर तिथे वेल्डिंग लागतं. नट कसताना मधून सुरुवात करून बाहेर जा, दोन-तीन फेऱ्यांत.

पेट्रोलविषयी थोडं, कारण यात आपल्या जिल्ह्याचाही हात आहे. तीसहून जास्त साखर कारखाने आपल्याकडे, आणि उसाचं इथेनॉल होऊन ते तुमच्या टाकीत येतंय. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुमची गाडी बनली तेव्हा असं काही डोक्यात नव्हतं. साध्या पेट्रोलला एक किलो जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. कार्बोरेटर आंधळा असतो, जुन्याच हिशोबाने हवा देतो, म्हणजे मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण म्हणजे आचके, गरम एक्झॉस्ट आणि पिकअपला खोकला. मोहोळच्या रस्त्याला ताशी साठने दहा-पंधरा मिनिटं चालवा, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि एक प्लग काढा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. खडूसारखं पांढरं दिसलं तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा टाकावा लागेल. काळं, काजळी धरलेलं दिसलं तर उलट, मिश्रण जाड आहे, चोकची फटकन परत जाणारी स्प्रिंग आणि वाटीची पातळी बघा.

इथेनॉलचा दुसरा त्रास रबराला. एसी पंपाचा जुना पडदा आणि जुन्या काळ्या रबरी नळ्या मऊ होतात, आतून कपचे निघतात आणि जेट चोंदतात. नळ्या सगळ्या एकदा इथेनॉल चालणाऱ्या घ्या, पंपाला नवीन किट घाला. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवत असाल तर टाकी अर्धी ठेवू नका. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी बुडाशी बसतं आणि कार्बोरेटरच्या जस्ताच्या अंगाला पांढरा बुरा धरतो. लग्नसराईला आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेलाच बाहेर निघणाऱ्या पद्मिनीत मी हा बुरा हमखास बघतो.

शिशाबद्दलही लोक विचारतात. 2000 साली देशभर शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. जुन्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला त्या शिशाचा आधार होता. टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) दर वेळी कमी होत चालला असेल तर बैठक खाली जातेय असं समजा, हेड उतरवायची वेळ आली की कडक सीट बसवून घ्या. तोवर टॅपेट वेळच्या वेळी बघत राहा. टॅपेट थोडी वाजलेली चालते, घट्ट झालेली नाही. घट्ट टॅपेट आवाज करत नाही आणि व्हॉल्व्ह जाळते.

आता सकाळचा निळा धूर, ज्यावरून मिस्त्रीने इंजिन संपवलं. रात्रभर उभ्या गाडीत हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून थेंबथेंब खाली उतरतं, सकाळी जळतं, दोन मिनिटांत धूर बंद. हा झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडचा, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून सरकते तिचा, दोष. रिंगांचा धूर वेगळा: तो गाडी ओढत असताना, चढावर, सतत मागे दिसतो आणि ऑइल भरणीच्या झाकणातून फुसफुस येते. तुम्ही फक्त सकाळचाच सांगितलाय, त्यामुळे माझा अंदाज गाइडवर आहे, पण अंदाजावर इंजिन बांधायला कुणी देऊ नये. कॉम्प्रेशन गेज लावा. चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, एका सिलिंडरला पाच-सहा फेरे सेल मारा. चांगल्या पद्मिनीला 120 ते 140 पीएसआय मिळतं. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. चारही 115 असतील तर अजून दोन-तीन वर्षं निवांत चालवा. तीन 125 आणि एक 80 असेल तर त्या एकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. व्हॉल्व्हसाठी हेड एवढंच उतरतं, ब्लॉक गाडीतच राहतो, आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

उद्या खरंच बोअर करायची पाळी आली तर एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. बाहेरच्या देशातून फियाट 1100 डीचे पिस्टन मागवणारे आजकाल भेटतात. त्या इटालियन डीचं इंजिन 1221 सीसीचं, बोअर 72 मिमीचा. आपला 68 चा. नाव तेच, डबी तीच, पण पिस्टन आपल्या ब्लॉकमध्ये जात नाही. पैसे देण्याआधी पिस्टनला व्हर्निअर लावून माप मागा.

कॉम्प्रेशनचे चार आकडे आले की मला पाठवा. इंजिन पूर्ण गरम करून आणि ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरून घेतलेले हवेत, गार इंजिनावरचे नकोत. सोबत पट्टी बसवल्यावर किंवा कंडेन्सर बदलल्यावर दुपारी काय झालं तेही कळवा.